सॅम्पल फ्लॅटची लिफ्ट

त्या दिवशी मला काम सांगितलं होतं सोफा पुसायचं. दुसऱ्या दिवसापासून बांधकाम सुरू होणार होतं. सकाळी मोठी माणसं येणार, भाषणं ठोकणार, त्यांच्या बुडाखाली काहीतरी मऊ पाहिजे. म्हणून सॅम्पल फ्लॅटमधला सोफा बाहेर मांडवात न्यायचा, तर काका, तेवढा नीट पुसून ठेवा, असं मला टायने सांगितलं. टाय म्हणजे साइटचा मॅनेजर. त्यालाही आईबापाने नाव ठेवलं असेल. पण भर उन्हात गळा आवळून चिखलात हिंडणाऱ्या माणसाचं नाव कोण लक्षात ठेवतो?

बांधकाम सुरू होणार, याचंच कौतुक चाललं होतं. वरातीमागून घोडं. माझ्या पोरीच्या लग्नाआधी खणलेला खड्डा तो. आता तिची पोरगी कॉलेजात जाते. भर शहरात, चारी बाजूंनी पत्रे लावलेला, हिरव्या पाण्याने भरलेला खड्डा. पत्र्यावर चित्र होतं: खाली दुकानं, त्यावर ऑफिसं, त्यावर घरं, गच्चीत पोहायचा तलाव. म्हणजे माणसाने वर जन्मावं, मधे राबावं, खाली येऊन खर्चावं आणि रस्ता बघायचा तो एकदम मेल्यावर. हे चित्र बघून लोकांनी घरं घेतली. मग बड्यांचं आपसात काय बिनसलं कुणास ठाऊक, सगळे पळाले. राहिलो मी वॉचमन, माझी बायको आणि तो सॅम्पल फ्लॅट.

ज्यांनी बघितला नसेल त्यांना सांगतो. सॅम्पल फ्लॅट म्हणजे खोटं घर. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये विटांच्या भिंती घालून बांधलेलं, गिऱ्हाइकाला भुलवायला. टीव्ही पुठ्ठ्याचा, त्यावर धबधब्याचा फोटो. कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी, चिकटवलेल्या. नळ चकचकीत, पण मागे पाइपच नाही. शेडचं पत्र्याचं दार उघडलं की आधी एक छोटा पॅसेज लागायचा, खऱ्या बिल्डिंगमध्ये असतो तसा. एका बाजूला फ्लॅटचं दार. त्याच्या समोर शेजाऱ्यांचं दार, म्हणजे भिंतीवर खिळे मारून बसवलेली फळी. आणि मधल्या भिंतीत लिफ्टचा स्टीलचा दरवाजा. त्याच्या मागे वीट, विटेच्या मागे खड्डा. लिफ्टचं बटण दाबलं की बॅटरीवर लाल दिवा लागायचा. गिऱ्हाइकं ते दाबायची आणि खूश व्हायची. चांगली शिकलेली माणसं.

आमची खोली गळायला लागली तेव्हा बायको म्हणाली, तिकडे राहू या. कंपनी आम्हाला विसरलीच होती, विचारणारं कोण? राहिलो. पाणी बाहेरच्या टाकीवरून आणायचं आणि त्या मुक्या नळाखाली बादली ठेवायची, अशी तिची तऱ्हा. पुठ्ठ्याचा टीव्हीसुद्धा रोज पुसायची. मी म्हणायचो, "लाव की जरा, बातम्या बघतो." ती म्हणायची, "तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही." आयुष्य एका खोलीत काढलेल्या बाईला दोन बेडरूमचा लळा लागला, मग त्या खोट्या का असेनात.

कंपनीवाले परत उगवले आणि त्यांनी खड्ड्यात पंप सोडला. पाणी हळूहळू उतरायला लागलं. त्याच दिवसांत ती एका दुपारी म्हणाली, "समोरच्या आल्या होत्या."

"कुठल्या समोरच्या?"

"समोरच्या दारातल्या."

"अगं, त्या दारामागे घर आहे का? खिळे मीच ठोकलेत."

"हळू बोला. ऐकू जातं त्यांना."

मी पोट धरून हसलो. साठी बुद्धी नाठी म्हणतात, आणि हिची साठी कधीच उलटलेली. पुढे रोजचं झालं. समोरच्यांचे गुडघे दुखतात. समोरच्यांचा मुलगा वर सामान लावतोय. मी म्हणालो, वर पत्रा आहे, त्यावर कावळे आहेत, त्यातला कुठला मुलगा त्यांचा ते विचार. ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

मग ओट्यावर ती वाटी दिसली. आमच्या घरातलं कुठलं भांडं कुठे चेपलंय ते मला पाठ आहे. ही आमची नव्हती.

"साखर नेली होती त्यांनी," ती म्हणाली. "त्याची परतफेड म्हणून त्यांच्याच वाटीत काहीतरी घालून दिलंय."

वाटीत ओलं सिमेंट होतं. वरून बोट फिरवून सारखं केलेलं. मी वास घेतला, ताजंच होतं. आता हे ऐका: तोवर साइटवर सिमेंटची एक गोणी आली नव्हती. आसपासही कुठे काम चालू नव्हतं. मी ती वाटी खड्ड्यात भिरकावली आणि त्या दिवसापासून हसणं कमी केलं.

पोरीला फोन केला. ती म्हणाली, आईला घेऊन या, मी कधीची सांगतेय. शेड तसंही पाडणारच होते, क्रेन उभी करायला जागा हवी म्हणून. जावयाने टेम्पो पाठवायचं कबूल केलं. जावई माणूस बरा आहे, फक्त बोलतो फार. तर सोफा पुसायचा तोच आमचा जायचा दिवस.

बायको खुर्चीवर बसून राहिली. ठेवणीतले कपडे घातले होते, पण एका पिशवीला हात लावला नव्हता.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"मग उद्या बुलडोझरला चहा विचारायला थांबतेस का?"

"समोरच्या म्हणतात, इतकी वर्षं राखलंत आणि आता घर होतंय तर निघालात? वर जागा ठेवलीय त्यांनी. आपल्या दोघांना."

"वर म्हणजे कुठे?"

तिने नुसतं छताकडे बघितलं. मला राग आला. खरं तर तो राग नव्हता, पण मला दुसरं काही दाखवता येत नाही.

दुपार कलायला टाय दोन हमाल घेऊन आला. हमालांनी सोफा पॅसेजमध्ये आणून ठेवला. टायने आमच्या पिशव्या बघितल्या, बायकोला बघितलं आणि दात काढले. "काय काकू, लिफ्टने जाणार का खाली?" असं म्हणून त्याने बटण दाबलं.

बॅटरी फुटून, तिचं पाणी गळून वर्षं लोटली होती. दिवा लागला.

मग आवाज सुरू झाला. वरून. लांबून घरघर... लिफ्ट खाली येताना दोर कसा कुरकुरतो तसा, जवळ जवळ येत. आमच्या डोक्यावर पत्रा आणि त्यावर मोकळं आभाळ, आणि त्या आभाळातून लिफ्ट उतरत होती. भिंतीमागे येऊन थांबली. हलका धक्का बसला, तो पायांना जाणवला.

"पंपाचा आवाज आहे," टाय म्हणाला.

"पंप तूच बंद करायला लावलास सकाळी."

"मग... दुसरा कसला तरी असेल."

हमाल केव्हाच गेले होते. टाय मागे न बघता, फोन कानाला लावून गेला. कोणाशी बोलत होता देव जाणे, फोन वाजलाच नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारी जात ही, शेळी वळून बघायला लागली की उंटासकट पळते. सोफा तिथेच पडला.

संध्याकाळी टेम्पो आला. मी पिशव्या चढवल्या, गाद्या चढवल्या. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. बायकोला आणायला आत गेलो, तर पॅसेजमध्ये ओल्या सिमेंटचा असा वास की घसा चिकटावा. बाहेर उजेड होता अजून, आत नव्हता. लिफ्टच्या दोन दारांच्या मधल्या फटीतून मात्र पिवळा उजेड येत होता, आणि त्या उजेडात ती उभी होती. केसही विंचरून घेतले होते.

"अगं... चल."

दरवाजा उघडला. आवाज न करता.

आत माणसं होती. खच्चून भरलेली, तरी एकमेकांना धक्का न लागता उभी. कोणाच्या हातात गुंडाळलेली गादी, कोणाकडे कुंडी, एकाच्या खांद्यावर झोपलेलं पोर. घर बदलायला निघालेली माणसं. सगळ्यांची आमच्याकडे पाठ. सगळे मागच्या भिंतीकडे तोंड करून, गप्प. आणि पुढे दाराजवळ थोडी जागा मोकळी ठेवलेली. बरोबर दोघांपुरती.

तिने एक पाय आत ठेवला. "या ना," मला म्हणाली. "जागा ठेवलीय."

"पोरगी वाट बघतेय तुझी."

"इथे किती दिवस बघतायत..."

मी तिचं मनगट धरलं. दार मिटायला लागलं. तेवढ्यात पुढच्या पाठींपैकी एक बाई, तोंड न वळवता, अगदी समजूतदार आवाजात म्हणाली, "नेऊ दे त्यांना. त्यांना एक हवीच आहे." उजेड गेला. अंधारात मी मनगट सोडलं नाही. सगळा जोर लावून ओढलं, आणि मला वाटलं होतं त्याहून फारच सहज ती बाहेर आली. दोघं सोफ्यावर आपटलो. चाचपून बघितलं. लिफ्टच्या जागी गार स्टील, मिटलेलं.

तिला टेम्पोत बसवलं. वाटेत ड्रायव्हरला हॉर्नवरून चार शिव्या दिल्या, तेवढ्याने बरं वाटलं.

आता पोरीकडेच असतो. बायको बरी आहे. भांडत नाही. उभ्या जन्मात मी भाजीला नाव ठेवलं आणि तिने ऐकून घेतलं असं झालं नव्हतं, आता ऐकून घेते. टोमणा मारला तर मान हलवते. जावई म्हणतो, आई किती शांत झाल्यात. पोरगी म्हणते, बाबा, तिला तुम्ही वेळेवर आणलंत. दोघं शिकलेली आहेत, म्हणून मी काही बोलत नाही. रात्री कूस बदलली की ती जागी असते. माझ्याकडे बघून हसते. चांगलं हसते.

बिल्डिंग वर चाललीय म्हणतात. कालच्या दुपारी पोरगी, जावई कामावर, नात कॉलेजात. बायको माझ्यासमोर बसून मटार सोलत होती. फोन वाजला. टाय होता. माझा फोन जुना, कानाला न लावताही घरभर ऐकू जातो.

"काका," तो म्हणाला, आणि थांबला. मागे वारा होता, उंचावर असतो तसा. "काका, काकू... तुमच्याकडेच आहेत ना?"

मी समोर बघितलं. "आहे. का?"

"नाही, काल इथला स्लॅब भरला. आज बघायला वर आलो तर..."

आणि त्याच्या मागून, त्या वाऱ्यातून, कोणीतरी हाक मारली. "अहो..."

नवऱ्याला अहो म्हणणाऱ्या बायका जगात ढिगाने आहेत. पण शेवटचा हो असा ओढून, वर नेऊन, अर्ध्यात चिडून सोडून देणारी मी एकच ऐकलीय. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ऐकलीय. परत आली हाक. यावेळी रडवेली.

समोर मटार सोलणारे हात थांबले नव्हते. तोंड मिटलेलं होतं. मग ते उघडलं.

"बोला ना तिच्याशी," ती मान खाली घालूनच म्हणाली. "मला काही वाटायचं नाही."