नऊ गाठींची दोरी

एक

"ओढ, पण हळू," नेहा म्हणाली.

विपुलने ओढली. मातीतून लाल नायलॉनची दोरी वर आली. तिला एक गाठ होती आणि टोकाला चार ओले धागे. पाच आठवड्यांपूर्वी त्या टोकाला हातभर कोरं सुती कापड होतं.

"म्हणजे पास," दहा वर्षांची वैजयंती म्हणाली.

कापड लोधीपुऱ्यातल्या लूमवरचं. युक्ती सुनीताबाईंची, म्हणजे नेहाच्या नेपानगरच्या शाळेतल्या बाईंची. जिवंत मातीत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात आणि ते सुती कापड खाऊन टाकतात. नायलॉनला तोंड लावत नाहीत. म्हणून सुट्टी लागताच फोपनारला मामाकडे आलेल्या नेहाने या केळीच्या बागेत आठ पट्ट्या पुरायला लावल्या. दोरीला जितक्या गाठी, तितका पट्टीचा नंबर.

दोन, तीन, चार

धागे. धागे. धागे.

विपुलचं लक्ष मात्र पुढच्या पट्ट्यांकडे होतं. बाग त्याच्या आईची, मालूबाईंची. वडील गेल्यापासून मायलेकांना तेवढाच आधार. रस्त्याकडच्या कोपऱ्यातली चाळीस झाडं पिवळी पडून कोलमडली होती. दगाकाका, म्हणजे विपुलचे चुलते, नेहाचे मामा आणि वैजयंतीचे वडील, म्हणाले होते की जमीन मेली, वरची माती वीटभट्टीला देऊन टाका. ट्रॅक्टर सोमवारी येणार होता. आज शनिवार.

पाच

कोपऱ्याजवळची. कापड अख्खं.

सहा

सापडली नाही. ती वैजयंतीने पुरली होती आणि खूण म्हणून शेजारी बसलेली गाय धरली होती.

सात

हीसुद्धा अख्खी. काळी, चिकट, डिझेल इंजिनासारखा वास.

त्याच कोपऱ्यात, दोन पावलांवर खड्डा होता. तो तिघांनीही लहानपणापासून पाहिलेला. घड जड झाला की केळीला बांबूचा टेकू लागतो आणि बांबूला वाळवी लागते. म्हणून दगाकाका गॅरेजमधून जळकं ऑइल आणत, खड्ड्यात ओतत आणि बांबूंची टोकं त्यात बुडवून ठेवत. दर वर्षी ऑइल आठ दिवसांत तळाला जाई. बांबू पितात, असं काका म्हणत. सगळं गाव तसंच म्हणे.

विपुलने एक बांबू उचलला आणि कोयत्याने टोक चिरलं. आत पांढराशुभ्र. काळेपणा नखाएवढाही खोल गेला नव्हता.

मग ऑइल कुणी प्यालं?

तिघांनी खाली जमिनीकडे पाहिलं. 

"पप्पांना मी सांगेन," वैजयंती म्हणाली. "तुम्ही नका सांगू."

आठ

खड्ड्याखालच्या उतारावर मालूबाईंचा ढीग होता. गेल्या दिवाळीत ऑइलचा वास सहन होईना म्हणून त्यांनी तिथल्या काळ्या मातीवर केळीचे चिरलेले खांब आणि शेण टाकलं होतं. नंतर दर आठवड्याला गोठ्याचं पाणी, आणि फावड्याने खालीवर.

पट्टी त्या ढिगाखाली होती. विपुलने डोळे मिटून ओढली.

धागे.

नेहाने बाईंना फोन लावला. काही सूक्ष्मजीव तेलसुद्धा खातात, बाई म्हणाल्या, पण त्यांना हवा लागते, ओल लागते, शेणातलं नत्र लागतं. मालूबाईंनी नकळत सगळं दिलं होतं. "पण कापड कुजलं म्हणून तेल संपलं असं धरू नका," त्यांनी बजावलं. "ते वेगळं तपासा."

तीन ग्लास

रविवारी सकाळी दगाकाका ओट्यावर चहा पीत होते. वैजयंतीने त्यांच्यापुढे पाण्याचे तीन ग्लास मांडले. एकात बागेतली चांगली माती, एकात खड्ड्याजवळची, एकात ढिगाखालची. दुसऱ्यावर जाड रंगीत तवंग होता. तिसऱ्यावर कडेला पुसटशी रेघ.

"काय खेळ आहे हा?"

"पप्पा, पहिले बघा, फिर बोला."  चिरलेला बांबू तिने त्यांच्या हातात दिला. "बांबू पीत नाही. मोठ्या आईची जमीन पिते."

काका बांबू फिरवून पाहत राहिले. चहा निवला. मालूबाई दारात उभ्या होत्या.

"वहिनी," काका शेवटी म्हणाले, "जमीन मी मारली."

"सगळी नाही मेली," विपुल म्हणाला. "आईच्या ढिगाखालची बरी होतेय."

काकांनी फोन उचलला आणि भट्टीवाल्याला सांगितलं, ट्रॅक्टर पाठवू नका. मग स्वतः खड्ड्यात उतरले. उरलेलं ऑइल डब्यात भरून जपून गॅरेजला परत दिलं. वाळवी लागू नये म्हणून बांबू आता दगडावर उभे राहिले. खड्डा खांब-शेणाने भरायचा म्हणून खांब चिरायला सगळं घर बसलं. आधी पाहणं, मग बोलणं ही पोरांची रीत आपण शिकायला हवी, असं काकांनी चारचौघांत सांगितलं.  मालूबाईंनी तिघांच्या हातावर गूळ ठेवला, वैजयंतीच्या हातावर जरा जास्त.

निघण्याआधी नेहाने खड्ड्याच्या जागी नववी पट्टी पुरली.

नऊ

दिवाळी. तवंग अजून होता, पण पुसट. तिथे केळी लावायला आणखी वर्ष जाणार होतं.

दोरीला काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. गुडघे टेकले, हळूहळू ओढली. नऊ गाठी एकेक करून वर आल्या.

टोकाला काहीच नव्हतं, धागासुद्धा नाही.

काकांनी ती रिकामी दोरी कपाळाला लावली.