फेस बोलेल

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मिस्तरी दुसऱ्याच्या गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. लेकीचा दवाखान्यातून फोन आला. त्याने ऐकलं, हातातला नळीचा सांधा आधी घट्ट केला आणि मग रडला. अर्धवट काम सोडलेलं तिला कधी खपलं नसतं.

गाड्यांचे एसी दोघं मिळून दुरुस्त करत. तो पाना चालवी, गळती ती शोधी. साबणाचा फेस ती दाढीच्या ब्रशने असा घोटी की उभ्या नळीवरूनही ओघळत नसे, आणि गळती असेल तिथे त्यात बुडबुडा फुगे. त्याची घाई चालली की म्हणे, "अहो, दम धरा. फेस बोलेल." त्यांच्या हातची गाडी गळतीसाठी कधी परत आली नाही. हे तो चारचौघांत छाती पुढे काढून सांगे, आणि श्रेय तिला देई.

घरच्या जुन्या पिकअपचा एसी मात्र कित्येक वर्षं बंद. दिव्याखाली अंधार. आता लेक गुरांची डॉक्टर झाली होती, पहिली नेमणूक भर उन्हाच्या मुलखात. सकाळी ती हीच पिकअप घेऊन निघणार होती. "पोरीला गार गाडी द्यायची," हा आईचा शब्द होता.

दुपारपासून तो झटत होता. नळ्यांत दाब भरला की दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा हळूहळू उतरे. म्हणजे गळती होती. हात पोचेल त्या सगळ्या सांध्यांना त्याने फेस लावला. त्याचा फेस पातळ, लगेच ओघळला. एकही बुडबुडा आला नाही.

"बाबा, राहू दे. काचा उघड्या ठेवून जाईन."

"डॉक्टरीणबाई, तुम्ही म्हशींचं बघा."

ती हसली आणि सामान बांधायला घरात गेली. तो हात धुऊन चहा पिऊन आला.

बॅटरीचा झोत टाकत तो पुन्हा डॅशबोर्डखाली वाकला. अगदी मागे, इंजिनकडच्या पत्र्यालगत एक सांधा होता. त्याचा जाड पंजा तिथे कधीच पोचला नव्हता. तिथे तिचाच हात जाई. त्या सांध्यावर फेस होता. पांढरा, घट्ट, न ओघळलेला. त्याच्या मधोमध एक बुडबुडा सावकाश फुगत होता.

तो बाहेर आला. शेजारचा डेंटर दारातच पत्रा ठोकत बसला होता.

"गाडीपाशी कोण आलं होतं?"

"चिटपाखरू नाही. का रे, पाना हरवला?"

"नाही. गळती सापडली."

"मग तोंड का असं? पेढे आण की!"

मिस्तरीने डॅशबोर्ड उतरवला. सांध्यातली रबरी चकती चिरली होती. नवी बसवली. पंप लावून नळ्यांतली हवा पार ओढून घेतली आणि झडप बंद केली. काटा तसूभरही हलला नाही. त्याला एकदम तिची आठवण आली, आणि त्याची मान ताठ झाली. असं काम दुसरं कुणी करून दाखवावं.

डॅशबोर्ड परत बसवून त्याने लेकीला हाक मारली. "इंजिन चालू कर. नुसता पंखा बघू, वारा नीट येतो का."

तो पुढे बॉनेटपाशी उभा राहिला. गारवा आणणारा कॉम्प्रेसर थांबलेला होता. नळ्या रिकाम्या असताना तो फिरतच नाही.

"बाबा!" लेक आतून ओरडली. "काय गार झालीय! मानलं तुला!"

त्याने वाकून कॉम्प्रेसर पुन्हा पाहिला.

"आई बसायची त्या बाजूने तर जास्तच येतंय. इकडे ये, हात लावून बघ."

त्याने डावीकडचं दार उघडलं आणि जाळीसमोर हात धरला. बोटं बधिर झाली. सीट रिकामी होती. तेवढ्याच बाजूच्या काचेवर आतून वाफ धरली होती.

इतकी गार गाडी त्याच्या हातून आजवर झाली नव्हती.

एसीच्या गॅसची टाकी बाकावर सीलबंद उभी होती. गॅस भरायचा अजून बाकी होता.