चव्वेचाळीस सतरा

दिवा जरा इकडे सरकवा, पण घाबरायचं कारण नाही. ही गोष्ट रात्रीची नाही, रविवारी भर दुपारची आहे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात औषधांचा विभाग होता, तिथली. आता तळघरात दुपार काय आणि मध्यरात्र काय, बाहेर उघडणारी खिडकीच नाही म्हटल्यावर सगळं सारखंच.

तिथे छोट्या बाई एकट्याच कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. फार्मासिस्ट म्हणून लागून त्यांना दोन वर्षं झाली होती. त्याआधी सव्वीस वर्षं त्याच खुर्चीवर त्यांची सख्खी मावशी बसायची. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत, म्हणून ही भाची आपोआप छोट्या बाई झाली. मावशी वारली, जागा रिकामी झाली, भाचीने रीतसर परीक्षा देऊन ती मिळवली. तरी लोक म्हणायचेच, वशिल्याचं तट्टू. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार.

काम तसं साधं होतं. हॉस्पिटलात प्रत्येक औषधाला चार आकडी नंबर असतो. औषधांची नावं म्हणजे जुळ्या बहिणी, एका अक्षराने घोटाळा व्हायचा. म्हणून वॉर्डांना सक्त ताकीद होती, नावावर जाऊ नका, नंबर बघा. कपाटावर नंबर, बाटलीवर नंबर, पेशंटच्या फाईलमध्येही नंबर. नंबर चुकला की भलतंच औषध कुणाच्या तरी घशाखाली जाणार, इतकं ते सरळ होतं. त्या संध्याकाळी जुनी सिस्टीम कायमची बंद होऊन नवी सुरू व्हायची होती, आणि त्याआधी नवी यादी शेवटची नजरेखालून घालायची होती.

मावशीचा एक नियम होता. कंपनीने एखादं औषध बनवणं थांबवलं की त्याचा नंबर मेला. मेलेल्या नंबरावर जिवंत औषध बसवायचं नाही, म्हणजे नाही. छोट्या बाईंना ते म्हातारपणाचं खूळ वाटायचं. नवीन नंबर हवा तर वरच्या कमिटीची मंजुरी लागे, आणि ती कमिटी बसणार कधी आणि उठणार कधी, देव जाणे. इकडे शेकडो मेलेले नंबर आयतेच पडून होते. तेव्हा गेल्या आठवड्यात आलेल्या सात नव्या औषधांना त्यांनी सात मेलेले नंबर देऊन टाकले. लेबलं छापली, चिकटवली, आणि शनिवारी बाटल्या वॉर्डांत गेल्यासुद्धा.

यादी वाचता वाचता त्या ४४१७ वर थांबल्या. हा त्या सातांतलाच. समोर 'चालू' असायला हवं होतं, तिथे 'बंद' होतं.

राहिलं असेल, म्हणून त्यांनी 'चालू' केलं. दोन ओळी खाली गेल्या आणि सहज वर पाहिलं, तर पुन्हा 'बंद'. परत 'चालू' केलं. या वेळी त्यांनी पापणीही हलू दिली नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत तो शब्द बदलला, आणि बदल कोणी केला त्या रकान्यात मावशीचं लॉगिन उमटलं.

त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो घरी जेवून आडवा झाला होता.

"दादा, मोठ्या बाईंचं लॉगिन अजून आहे का हो?"

"काहीतरीच काय. त्या गेल्या त्याच आठवड्यात मी काढून टाकलं." त्याने जांभई दिली. "आणि नव्या सिस्टीममध्ये तर ते घातलंच नाही कधी."

"मला इथे दिसतंय."

"बाई... तुम्ही खाली एकट्याच आहात ना?"

त्यांनी फोन ठेवला.

आणि मग लवंगेचा वास आला. स्पिरिटच्या आणि पुठ्ठ्याच्या वासातून वाट काढत, आधी पुसट, मग अगदी शेजारी कोणी येऊन उभं राहावं तसा. मावशीच्या दाढेत कायम लवंग असायची. वासापाठोपाठ औषधं द्यायच्या खिडकीची काच वाजली. टक... टक... टक. हाताखालचं कोणी चुकीची बाटली उचलू लागलं की मावशी ओरडायची नाही, बोटातली अंगठी काचेवर तीनदा वाजवायची. छोट्या बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. काचेपलीकडे नुसता रिकामा बोळ होता.

"मावशी...?" त्या पुटपुटल्या, आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

पडद्यावर ४४१७ च्या खाली एक नवी ओळ आली होती. मुलांचा वॉर्ड, बेड चौदा. औषध दिले, वेळ चार वाजून दहा मिनिटे.

भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते.

त्यांनी वॉर्डात फोन केला. "चौदा?" सिस्टर म्हणाल्या. "सकाळपासून रिकामा आहे. चादरसुद्धा घातलेली नाही. का हो?"

"काही नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला खरा, पण जिवाला चैन पडेना. ४४१७ आधी कोणाचा होता ते त्यांनी जुन्या यादीत शोधलं. लहान मुलांच्या दम्याचं औषध, तीन वर्षांपूर्वी बंद पडलेलं. आणि त्या जागी त्यांनी बसवलं होतं हृदयाची धडधड कमी करणारं औषध. धडधडीवर गुणकारी, पण दम्याच्या पेशंटला दिलं तर श्वासनळ्या आवळून टाकणारं. एखाद्या मुलाच्या जुन्या फाईलमध्ये हा नंबर तसाच राहिला असेल तर... त्यांनी पुन्हा फोन उचलला. वॉर्डाचा फोन आता लागेना, एंगेज. काच पुन्हा वाजली, या खेपेला घाईघाईने.

लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. त्यांनी जिना धरला. चार मजले. एक चप्पल दुसऱ्या मजल्यावर सुटली, ती तिथेच राहिली.

चौदा नंबरच्या उघड्या गादीवर सहा-सात वर्षांची एक मुलगी पुढे वाकून बसली होती. प्रत्येक श्वासाला छातीतून शिट्टी वाजत होती. वडिलांनी तिला नुकतंच खांद्यावरून आणून ठेवलं होतं, ते अजून धापा टाकत होते. सिस्टरांनी कॉम्प्युटरवर तिची जुनी फाईल उघडून मागच्या वेळची औषधं एका बटणाने पुढे आणली होती, आणि मापाचं झाकण तिच्या ओठांपाशी नेलं होतं.

"थांबा," छोट्या बाई दारातून म्हणायला गेल्या, पण दम इतका लागला होता की आवाजच फुटला नाही. तरी सिस्टरांनी मान वर केली. दाराची काच वाजली म्हणून वर पाहिलं, असं त्या नंतर सांगायच्या. छोट्या बाईंनी तेव्हा दोन्ही हातांनी चौकट धरलेली होती.

"नंबर बरोबर आहे, बाई. मी दोनदा पाहिला."

"नंबर बरोबर आहे... औषध चुकलंय. नाव वाचा."

सिस्टरांनी नाव वाचलं. झाकण बेसिनमध्ये ओतलं आणि बाटली बाजूला सारली.

"चूक माझी आहे," छोट्या बाई म्हणाल्या. "तुमची अजिबात नाही."

डॉक्टर धावत आले, वाफेचा मास्क लागला. हळूहळू शिट्टी बारीक होत गेली, ओठांवर रंग आला. मास्क जरासा उचलून मुलगी म्हणाली, "बाबा, भूक लागली." वडिलांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. छोट्या बाईंना तर तिथेच रडू कोसळलं असतं, पण बाकीचे सहा नंबर अजून वॉर्डांत मोकळे फिरत होते.

खाली येऊन त्यांनी आधी ४४१७ उघडला. तो बंदच होता. शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना असतो, तो कोणी कधी वाचत नाही. त्यात मावशीने लिहिलेलं होतं. तारीख तीन वर्षांपूर्वीची, तो नंबर मेला त्या दिवसाची.

'रविवार, चार दहा. बेड चौदा. छोटीने अडवलं. पोरगी वाचली.'

घरी मावशी त्यांना लहानपणापासून छोटीच म्हणायची. तीन वर्षांपूर्वी ही छोटी दुसऱ्याच गावात, एका मेडिकलच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकत होती. या हॉस्पिटलात येणं तिच्या स्वप्नातही नव्हतं. दोन वर्षांत एकाही माणसाने त्यांना म्हटलं नव्हतं की तू या खुर्चीला लायक आहेस. मावशीने ते आधीच लिहून ठेवलं होतं. छोट्या बाईंना भरून आलं, आणि अंगातली भीती ओसरली.

मग त्यांनी दुसरा नंबर उघडला. ३९०२. त्यालाही शेरा होता.

'रविवार, पाच वाजता. पुरुषांचा वॉर्ड. खिडकीजवळचे आजोबा. छोटीने'

पुढे काही नव्हतं. तिथे कर्सर लुकलुकत होता.

पाच वाजायला अजून बारा मिनिटं होती. त्यांनी फोन ओढला आणि पुरुषांचा वॉर्ड लावला. पलीकडे रिंग वाजू लागली. त्यांचा दुसरा हात मांडीवर होता, कीबोर्डपासून लांब, आणि पडद्यावर कर्सर हळूच एक अक्षर पुढे सरकला.