सव्वा रुपयातली पावली

नवस बोलायचा तर सव्वा रुपया लाल कापडात बांधून देवापुढे ठेवायचा, ही आमच्या घरातली सासूबाईंपासूनची रीत. रुपया मिळतो. वरची पावली कुठून आणायची? चार आणे सरकारने बंद करून किती वर्षं झाली. म्हणून सासूबाईंची एक जुनी पावली मी देवाच्या डब्यात जपून ठेवली होती. तिच्यावर गेंड्याचं चित्र, आणि कडेला त्यांनी सुईने ओढलेली फुली. नवस फिटला की देवळात दोन रुपये टाकायचे आणि पावली पुन्हा डब्यात. देवीला ही तडजोड चालते, असं मी मानत आले.

श्रावणात माझी नात मनू तापली. सहा वर्षांची पोर. परळच्या इस्पितळात तिसऱ्या दिवशी तिने आईलाही ओळखलं नाही. सून मेघना तिच्या उशाशी बसून होती. मी लालबागला घरी आले, आंघोळ केली आणि ओलेत्यानेच देवापुढे बसले. चष्मा खिडकीत राहिला होता. डब्यात हात घातला, बोटांना पावलीएवढं नाणं लागलं, ते रुपयाबरोबर बांधलं आणि म्हटलं, "आई, पोरीला उठव. खण-नारळ घेऊन येईन."

संध्याकाळी मेघनाचा फोन आला. "आई, मनूने पाणी मागितलं."

मनू घरी आली तसा नवस फेडायला मी पुरचुंडी सोडली. रुपया होता. दुसरं नाणं पावली नव्हती.

आकार तोच, वजन तेच. एका बाजूला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि सातव्या पायरीवर दिवा. दुसऱ्या बाजूला दोन ओळी कोरलेल्या. देवनागरी नाही, उर्दू नाही, इंग्रजी नाही. आणि नाणं हाताला गरम. उन्हात राहिलं असेल म्हणावं, तर आमच्या देव्हाऱ्यावर ऊन येत नाही. डबा पालथा घातला. सुपाऱ्या निघाल्या, जानवी निघाली, अंगाऱ्याची पुडी निघाली. सासूबाईंची पावली काही निघाली नाही.

माझे धाकटे दीर नाना शिवाजी पार्कला राहतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून देशोदेशींची नाणी जमवतात. देवावर त्यांचा विश्वास नाही, भिंगावर आहे. त्यांनी दुपारभर चार जाडजूड कॅटलॉग चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

"वहिनी, असा देशच नाही."

"म्हणजे नाणं खोटं?"

"खोटं नाणं कुणी असं झिजवेल का? ही कड बघा. पंचवीस-तीस वर्षं हातोहात फिरलंय हे. भाजी घेतलीय यावर, दूध घेतलंय, तुमच्यासारख्या कुणी आरतीच्या ताटात टाकलंय." त्यांनी नाणं पालथं केलं. "नाण्यामागे टाकसाळ लागते. राज्य लागतं. हे चालतं असं मानणारी माणसं लागतात. ती सगळी आहेत, वहिनी. देश तेवढा सापडत नाही."

माझे हात आपोआप जोडले गेले. एवढा मोठा मुलूख. तिथेही बाया पहाटे दारात पाणी शिंपडत असतील, सुटे पैसे पदराच्या गाठीला बांधून बाजारात जात असतील. आणि आपल्याला त्याचं नावसुद्धा वाचता येऊ नये.

"आणि हे गरम का?" मी विचारलं.

नानांनी ते तासभर फ्रीजमध्ये बर्फाच्या खणात ठेवलं. बाहेर काढलं, तर होतं तसंच. मग त्यांना थट्टा सुचली. थर्मामीटर आणून त्यांनी नाण्याला टेकवला. आकडा वाचला आणि त्यांचं हसू तिथेच राहिलं.

"एकशे तीन. वहिनी, याला ताप आहे."

घरी आले तेव्हा मेघना मनूला पेज भरवत होती. मी नाणं देवापुढे तबकात ठेवलं. आवाजासरशी मनूने मान वळवली.

"आजी, हे त्या बाईचं आहे."

"कुठल्या गं?"

"पायऱ्यांवरच्या. तिची मुलगी झोपलीय, उठतच नाही. तिनेपण पैसे बांधलेत. पण तिच्याकडे गेंडा आलाय ना. सगळे तिला म्हणतात, हे कुठलं आणलंस, हे चालत नाही."

मेघनाच्या हातातला चमचा तसाच राहिला. चार आणे बंद झाले तेव्हा मनू जन्मलीही नव्हती. ती पावली मी तिला कधी दाखवली नव्हती.

तिन्हीसांजेला दिवा लावला आणि लाल कापड पसरलं.

"आई, काय करताय?"

"बांधतेय. त्या मुलीसाठी. तिकडे चालेल असं नाणं हे एकच आहे, आणि ते आपल्याकडे आहे."

"ते गेलं आणि मनू पुन्हा पडली तर?" मेघनाचा आवाज चिरकला. "मी पाया पडते तुमच्या. ज्याने ती उठली, ते हातचं घालवू नका."

घाबरले मीही होते. गाठीपर्यंत बोटं जाईनात.

"मेघना, तिसऱ्या दिवशी तू बसली होतीस ना, तशीच कुणीतरी बसलीय."

तिने मनूला कुशीत ओढून घेतलं. पण पुन्हा नको म्हणाली नाही.

संकल्पाला नाव लागतं, गोत्र लागतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, आमच्या मनूएवढी आहे. आणि गाठ मारली.

सकाळी उठल्याउठल्या आधी मनूचं कपाळ पाहिलं. गार होतं.

ती मोरीपाशी दात घासत होती. तोंडात फेस तसाच ठेवून म्हणाली, "आजी, तिने पाणी मागितलं."

मी देवापुढे गेले. पुरचुंडी ओली होती. नदीच्या पाण्याचा वास येत होता.

मी गाठ नेहमी वर मारते, दोन टोकं मोकळी सोडून. ही पुरचुंडी चेंडूसारखी गुळगुळीत होती. सगळीकडून चाचपली. गाठ कुठेच नव्हती.

शेवटी कात्रीने कापली. रुपया निघाला. सासूबाईंची पावली निघाली, फुलीसकट, गार.

गाठही निघाली. ती आतून मारलेली होती.