तिसऱ्या गाण्याआधीचा श्वास

जुन्या रॉक अल्बमांचे आवाज घासूनपुसून नवे करणं हा त्याचा धंदा. स्टुडिओत सगळे त्याला ‘इस्त्रीवाला’ म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. मूळ रेकॉर्डच भारी, असं कुणी म्हटलं की मात्र स्वारी भडकलीच. अहो, त्या खरखरीला ऊब कसली म्हणता? धूळ ती, धूळ!

एका दुपारी एका गायकाची बायको आली. गायक जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकूंनी जुनी रेकॉर्ड छातीशी धरली होती. तिसऱ्या गाण्याआधी ते मोठा श्वास घेतात, इस्त्रीवाल्याने नव्या केलेल्या अल्बममध्ये तो नाही, एवढीच त्यांची तक्रार. गाणी काय, सगळ्या जगाची. त्यांच्या वाट्याला तेवढा श्वासच उरला होता, तो त्या रोज ऐकायच्या.

श्वास, खोकला, खुर्चीची करकर हे सगळं इस्त्रीवाला डोळे झाकून उडवायचा. त्याला जरा वाईट वाटलं. पण जुनी रेकॉर्ड तुमच्यापाशी आहेच की, असं त्याने समजावलं.

“तिच्यातही नाही राहिला,” काकू म्हणाल्या. “तुमचा अल्बम निघाला त्या दिवसापासून.”

वयामुळे कान गेले असतील, असं म्हणत त्याने रेकॉर्ड लावली. खरखर जागच्या जागी होती. श्वास नव्हता. मग त्याने स्टुडिओतली मूळ टेप लावली. तिच्यातही नव्हता. आता मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

काढून टाकलेले आवाज तो वेगळे साठवायचा. कचऱ्याबरोबर गाणं तर गेलं नाही ना, हे तपासायला शेवटी तेवढेच ऐकायचे, ही त्याची पद्धत. ते त्याने लावले. खरखर, करकर... आणि श्वास. काकूंचा चेहरा उजळला. त्यालाही हायसं वाटलं.

मग दुसरा श्वास आला. मग तिसरा. जिना चढून आलेल्या माणसासारखे, एकामागून एक. त्याने तर एकच कापला होता! घाईघाईने त्याने आवाज थांबवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची आवाजाची रेघ थांबली, श्वास चालूच. त्याने स्पीकरची वायर उपटली. आता श्वास दाराजवळून येत होता.

“काकू... तुम्हाला ऐकू येतंय?” तो जवळजवळ ओरडलाच.

“हळू बोला,” काकू म्हणाल्या. “दमलेत ते.”

त्या उठल्या आणि दाराकडे निघाल्या. रेकॉर्ड राहिली, असं तो कसंबसं म्हणाला.

“ती आता कशाला?”

खोली एकदम शांत झाली. त्याने खिडकीतून खाली पाहिलं. काकूंनी टॅक्सीचं मागचं दार उघडलं आणि त्या बाजूला होऊन थांबल्या. टॅक्सी त्या अंगाला जराशी खचली. मग त्यांनी दार हलकेच लावलं आणि वळसा घालून त्या दुसऱ्या बाजूने आत बसल्या.