मुलदोक वस्तीचा रांजण

"दानबी, तुझा राजा दगडावर कोरलाय!" हानग्योल धापा टाकत पायऱ्या चढून आला. "उद्या सकाळी उद्घाटन! आणि खाली लिहिलंय, 'ओकबुन आजींच्या सांगण्यावरून'!"

दानबीच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली. वस्तीला मुलदोक, म्हणजे पाण्याचा रांजण, हे नाव का पडलं, ते सुट्टीच्या अभ्यासासाठी आजींना विचारायचं होतं. ती गेली पोहायला, आणि वहीत आजींच्या नावावर ठोकून दिली थाप: दमलेला राजा इथे रांजणभर पाणी प्यायला! बाईंनी वही वस्तीच्या नावाचा दगड बसवणाऱ्या समितीला दिली. समितीने साधी चौकशीही केली नाही.

दोघं धावत समितीच्या अध्यक्षांकडे, प्योकाकांकडे गेली.

"काका, ती गोष्ट खोटी आहे. मीच रचली."

"आत्ता सांगतेस? दगड कोरून झालाय, पोरी! आणि राजा काय वाईट आहे? पळा!"

आजी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होत्या. दानबीने मान खाली घालून सगळं सांगितलं.

"राजाबिजा कुठला गं?" आजी हळूच म्हणाल्या. "लढाईत घरदार गमावलेली माणसं ही टेकडी चढायची. माझी आई खालच्या विहिरीवरून पाणी आणून पायऱ्यांवर रांजण भरून ठेवायची. आता लोक म्हणतील, मीच आईला विसरले."

आजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दानबीला वाटलं. तिला रडूच फुटलं.

"तो रांजण कुठेय आजी?" हानग्योलने विचारलं.

"हा काय! मीठ ठेवते त्यात."

"दानबी, रडणं पुरे! रांजण धुवायला घे!" हानग्योल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात पाहुणे एकशेबारा पायऱ्या चढून घामाघूम झाले. वर दगडाशेजारी रांजण, गार पाणी आणि ते काढून प्यायला भोपळ्याचा डवला! प्योकाका घटाघटा तीन डवले प्यायले.

"वा! हे कुणी सुचवलं?"

"ओकबुन आजींच्या आईने," दानबी सगळ्यांसमोर म्हणाली. "पण दगडावर त्या नाहीत. माझी थाप आहे."

प्योकाकांनी हातातला डवला खाली ठेवला. "दगड परत कोरू," ते पुटपुटले. "चूक आमचीही आहे."

"शाबास! धीट मुलगी!" बाई म्हणाल्या. टाळ्या वाजल्या, पण दानबीला मान वर करवेना. ती कोरी वही घेऊन आजींजवळ बसली.

"आजी, तुमच्या आईचं नाव काय होतं?"

आजींनी डोळे पुसले.

"सुन्ने," त्या म्हणाल्या. "या वेळी नीट लिही हं."