झायडलचा खर्ज

जर्मनीतल्या लाउझिट्सच्या टेकड्यांतल्या त्या गावात कुणी वारलं की चर्चच्या मंडळीतले ट्रॉम्बोनवाले आपली पितळी वाद्यं घेऊन मनोऱ्यावर चढत आणि मरण वाजवून सांगत. अविवाहित पुरुषांची चाल वेगळी, लग्न झालेल्या बायकांची वेगळी, विधुरांची वेगळी. शेतात बटाटे काढणारी बाईसुद्धा नुसत्या चालीवरून ओळखे, कोणत्या गटातलं माणूस गेलं ते.

या वादकांचा म्होरक्या राइनहोल्ट क्विट. खर्ज वाजवणाऱ्या झायडलचं नाव निघालं की तो नाक मुरडे. गाल फुगवून फुंकणारा बैल, असं तोंडावर म्हणे. ओठ आवळायचे आणि दम पोटातून द्यायचा, एवढं साधं काम या माणसाला चाळीस वर्षांत जमलं नाही. त्यातच एकदा एका म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्याच्या मरणाला झायडलने चुकून बायकांची चाल धरली आणि अर्धं गाव आपापल्या बायका बघायला पळालं. राइनहोल्टही पळाला. त्याची डोरोथेआ चुलीपाशी धडधाकट उभी, वर त्याला हसली. ती धाव त्याने झायडलला मरेपर्यंत माफ केली नाही.

झायडल मार्चमध्ये गेला. त्याचा ट्रॉम्बोन मनोऱ्याखालच्या तालमीच्या खोलीत खुंटीला टांगलेला राहिला. त्याची सरकती नळी इतकी लांब, की शेवटच्या सुराला हात पुरत नसे, म्हणून तिला लाकडी दांडा होता. नळी घसरू नये म्हणून ती दोरीने बांधली होती. हे भंगार एकदा मोडीत काढायला हवं, असं राइनहोल्ट दर तालमीला म्हणे.

मे महिन्यात त्या ट्रॉम्बोनखाली फरशीवर पाणी दिसलं. फुंकताना श्वासाची वाफ नळीत साचते, तसलं पाणी. छत तर कोरडं होतं.

"मेल्यावर तालीम करतोय वाटतं," राइनहोल्ट म्हणाला. "जिवंतपणी कधी केली नाही."



त्याच आठवड्यात मंडळीतला बंधू हाउस्डिंग वारला. ऐंशी वर्षांचा, बिनलग्नाचा. भर दुपारी राइनहोल्टसह चौघे वादक मनोऱ्यावर चढले. तालमीच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली राइनहोल्टच्या खिशात. त्यांनी अविवाहितांची चाल धरली.

दुसऱ्या ओळीला खालून खर्ज आला. जाड, फुगलेला, ओळखीचा. बायकांची चाल.

बाकीचे थांबले. एकजण जिन्याकडे वळला.

"जागेवर थांबा," राइनहोल्ट म्हणाला. "हा गाढव तेव्हाही चुकला होता. मी दुसऱ्यांदा धावणार नाही."

त्याने चाल एकट्याने शेवटपर्यंत वाजवली. तिन्ही कडवी.

खाली शेजारीण उभी होती. हात ओले.

"घरी चला," ती म्हणाली. "डोरोथेआ धुणं वाळत घालताना पडली. आत्ता आत्तापर्यंत तुम्हाला हाका मारत होती."

डोरोथेआला पुरल्यानंतर आठव्या दिवशी तो खोलीचं कुलूप काढून आत गेला. ते भंगार आज फोडायचंच होतं.

दोरी सोडून, घडी घालून फरशीवर ठेवलेली होती.

नळी पार शेवटपर्यंत ओढलेली. दांडा पुढे आलेला. तो सूर एकाच चालीत लागे, विधुरांच्या. तिची सुरुवातच त्याने होई.

गावात विधुर आता एकच होता.

त्याने नळी आत ढकलली. बोटांवर पाणी आलं.

ते कोमट होतं.